तळावरच्या मगदूम आक्का

मगदूम आक्का कोणत्याही घरात पहिला प्रश्न विचारण्याआधी पाणी मागायच्या. तांब्या-भांडं आलं की उंबऱ्यावर बसायच्या, भांडं ओठांना लावून प्यायच्या आणि रिकामं भांडं हातात धरूनच बोलायला लागायच्या. दिवसाला पंधरा-वीस घरं व्हायची. एवढं पाणी कशाला पिता, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्या म्हणाल्या, "पाणी पिलेल्या माणसाला कोण हाकलत न्हाय. निदान भांडं परत मिळंस्तोवर तरी न्हाय."

महादेवी मगदूम हे त्यांचं नाव. माहेर कुरुंदवाडच्या बाजूचं, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. सरकारी आरोग्य खात्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी चंदगड तालुक्यातल्या उपकेंद्रांत गेली. निवृत्तीनंतर त्या कोल्हापुरात दोन खोल्या घेऊन एकट्या राहत होत्या. पुण्याच्या एका संशोधन संस्थेने शहरात व्यसनांचं सर्वेक्षण सुरू केलं, तेव्हा माहिती गोळा करायला त्यांना घेतलं. मी एका दैनिकात आरोग्याच्या बातम्या पाहत होतो. सर्वेक्षण कसं चालतं यावर लिहायचं होतं, म्हणून एक दिवस त्यांच्याबरोबर फिरलो. नंतर बरेच दिवस फिरत राहिलो.

साठी उलटलेली, ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. खांद्याला औषध कंपनीने कधीतरी फुकट दिलेली रेक्झिनची बॅग, मनगटावर सेकंदकाटा असलेलं मोठं घड्याळ. इकडच्या बायकांप्रमाणे त्या स्वतःबद्दल बोलताना ‘आलो, गेलो’ म्हणायच्या. आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कळावं. फक्त फॉर्म भरताना तो खाली यायचा. सुरुवातीला प्रत्येकाला एकच आश्वासन असायचं, "नाव न्हाय, गाव न्हाय. खरं तेवढं सांगा."

सर्वेक्षणातला एक भाग हमालांचा होता. शहराच्या कडेला खताची आणि सिमेंटची गोदामं आहेत, तिथे दिवसभर ट्रक लागतात. सगळे त्या जागेला नुसतं ‘तळ’ म्हणतात. तो कोणता, ते इथे लिहिलेलं नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. तळाच्या मागच्या बाजूला बंद पडलेल्या वजनकाट्याशेजारी एक पत्र्याचं शेड होतं. हमालांपैकी काहीजण दुपारच्या सुट्टीत तिथे बसून इंजेक्शन घ्यायचे. ऑपरेशननंतर दुखणं दबावं म्हणून दवाखान्यात देतात, त्या जातीचं औषध. ओळखीच्या एका औषधांच्या दुकानात ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायचं.

ही माणसं घरी काही बोलत नव्हती. म्हातारी आई समोर, पोरं समोर. आक्कांनी ते पहिल्या दोन घरांत ओळखलं आणि बाकीचे सगळे फॉर्म शेडातच बसून भरले. पोत्यांच्या थप्पीवर त्या, समोर उकिडवे बसलेले हमाल, मांडीवर संस्थेने दिलेला टॅब.

सर्जेरावचा फॉर्म भरला त्या दिवशी मी तिथे होतो. चाळिशीचा माणूस, मान खांद्यात रुतलेली, कंबर एका बाजूला कललेली.

"नशेसाठी इंजेक्शन घेतोस का?" आक्कांनी वाचलं.

"नशेसाठी न्हाय."

"मग?"

"पाठीसाठी, आक्का. पन्नास किलोचं पोतं हाय त्ये. तुमी एकदा उचलून बघा की."

"मी उचललं तर तुलाच मला उचलाय लागंल."

सगळे हसले. सर्जेरावने माझ्याकडे बघून विचारलं, "पावणं, तुमी उचलतासा का?" मी नाही म्हटल्यावर पुन्हा हसले.

टॅबवर दोनच पर्याय होते, हो आणि नाही. त्यातला एक दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. आक्कांनी टॅब वर-खाली करून पाहिला. "ह्यात पाठ कुठं हाय?" त्यांनी तिथूनच प्रकल्पप्रमुखांना फोन लावला. आक्का त्यांना ‘सर’ म्हणत. सरांनी शांतपणे समजावलं की चिठ्ठीशिवाय घेतलेलं प्रत्येक इंजेक्शन नशेच्या व्याख्येत येतं. हेच प्रश्न दुसऱ्या शहरांतही विचारलेत, व्याख्या बदलली तर तुलना करता येणार नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आक्कांनी ‘हो’ दाबलं.

पुढचा प्रश्न होता, इंजेक्शन घेताना इतर व्यक्ती सोबत असतात का.

"असत्यात की!" सर्जेराव म्हणाला. "एकट्यानं घ्याला तात्या सोडतंय व्हय?"

पांडूतात्या हे शेडातलं वडीलधारं माणूस. एकेकाळचे हमाल. स्वतः काही घेत नसत. खांदा निकामी झाल्यावर तळावर पहाऱ्याचं काम करत. त्यांचे नियम होते. एकट्याने घ्यायचं नाही. सुई ज्याची त्याची, वापरलेली तात्यांच्या डब्यात. घेतल्यावर अर्धा तास कोणी उठायचं नाही. त्या वेळात तात्या बिडी ओढत एकेकाचं नाव घेत. "नाव घेतल्यावर ‘ओ’ दिली की बरं," त्यांनी मला सांगितलं. "न्हाय दिली तर आधी थोबाडीत. तरी न्हाय उठला तर रिक्षा." अशी रिक्षा त्यांनी पाच-सहा वेळा तरी बोलावली होती. कोणी दगावलं नव्हतं.

आक्कांनी ‘हो’ दाबलं. शेवटी टॅबवर ‘स्थान नोंदवा’ असं बटण यायचं, ते दाबलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या दिवशी जेवताना त्यांनी चंदगडची गोष्ट सांगितली. डोंगरातल्या एका वाडीत बाळंतीण दगावली होती. नोंदवहीत मृत्यूचं कारण लिहायचं होतं, आक्कांनी ‘रक्तस्राव’ लिहिलं. "खोटं न्हवं ते. पण दोन दिवस पावसात एस्टी आली न्हाय, म्हणून ती घरात ऱ्हायली. ते कुठल्या रकान्यात घालू? मी खाली बारीक अक्षरात लिवलं. वरचे सायेब म्हटले, सिस्टर, एस्टी हा काही आजार नाही." भाकरी मोडता मोडता त्या थांबल्या. "सायेब बी खरं बोलत होते. सगळीच खरं बोलत्यात आणि बाई मरती."

अहवाल काही महिन्यांनी आला. एका हॉटेलच्या सभागृहात तो जाहीर झाला. सरांनी पडद्यावर शहराचा नकाशा दाखवला. जिथे जोखीम कमी तिथे फिकट रंग, जास्त तिथे गडद. सगळ्यात गडद लाल ठिपका तळावर होता, आणि इतका नेमका की वजनकाटा ओळखू यावा. त्यानंतर जोखमीच्या घटकांची यादी आली. शिक्षण कमी, स्थलांतरित, अंगमेहनतीचं काम, इंजेक्शनचा वापर, समूहात वापर.

आक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या. यादी त्यांनी दोनदा वाचली. "ह्यात सगळं माणसाचंच हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोतं न्हाय, मुकादम न्हाय, चिठ्ठीबिगर औषध देणारा न्हाय, पोलीस न्हाय. जोखीम म्हंजे सर्जेराव." मग परत नकाशा आला. त्या पुढे वाकल्या. चष्मा काढला, पुसला, लावला.

"हितं तर मी बसलोतो," त्या म्हणाल्या.

ते बटण कशासाठी होतं हे त्यांना तेव्हा कळलं. आपण खरोखर फिरतो की घरी बसून फॉर्म भरतो, हे तपासायला ते ठेवलंय असा त्यांचा समज होता. पूर्वी नोंदवहीवर सही व्हायची, आता बटण, एवढंच. नाव त्यांनी कोणाचं लिहिलं नव्हतं. पण वीस-बावीस माणसांचे फॉर्म त्यांनी त्या माणसांच्या सोयीसाठी एकाच शेडात भरले होते, आणि प्रत्येक वेळी बटण दाबलं होतं.

बातमी मी लिहिली. आकडे सरांकडून दोनदा तपासून घेतले. मथळा कचेरीतल्या संपादकीय डेस्कने दिला: ‘तळ परिसर नशेचा हॉटस्पॉट’. आठ-दहा दिवसांत जेसीबी येऊन शेड पाडून गेला. वजनकाट्याभोवती तारेचं कुंपण घातलं, गस्त सुरू झाली. पांडूतात्यांना चौकीत दिवसभर बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते चंदगडकडच्या आपल्या गावाला निघून गेले. या सगळ्याचीही बातमी आली, फोटोसह. तीही मीच लिहिली होती.

हमाल तळावरच होते, पोतीही तेवढीच होती. इंजेक्शन घेणारे आता वेगवेगळे झाले. कोणी गोदामामागे, कोणी संडासात, कोणी उभ्या ट्रकमध्ये. ओळखीच्या दुकानदाराने भीतीने देणं बंद केलं, म्हणून जे मिळेल ते, जिथून मिळेल तिथून येऊ लागलं. दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी नादुरुस्त ट्रकच्या केबिनमध्ये सर्जेराव मेलेला सापडला. बसलेलाच होता. डोक्याचं फडकं मांडीवर घडी करून ठेवलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन तास होऊन गेले असतील. त्या दोन तासांत त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर आक्का त्याच्या बायकोला भेटायला गेल्या. मीही होतो. रंजना तळावरच पोती शिवायचं काम करत होती आणि कामावर परतली होती. गोदामाच्या सावलीत पाच-सहा बायका फाटकी पोती घेऊन बसल्या होत्या. रंजनाच्या हातात दाभण आणि सुतळी. तिने मान वर केली, पण हात थांबवला नाही.

"तुमी इचारलासा म्हणून तेनं सांगितलं," ती म्हणाली. "मला बी कधी सांगितलं नव्हतं तेवढं तुमाला सांगितलं."

"मला वाटलं, ते बटण माझ्या हजेरीसाठी हाय."

"मग लागली की तुमची हजेरी. आमचा खाडा पडला."

बाकीच्या बायका खाली बघून शिवत राहिल्या. परतताना रिक्षात आक्कांनी स्वतःची नाडी स्वतःच मोजली.

त्यानंतरच्या सोमवारी त्या आमच्या कचेरीत आल्या. बातमीचं कात्रण बरोबर होतं. त्यांना पेपरात दुरुस्ती हवी होती. काय चुकलंय, असं मी विचारलं. दुरुस्ती नाव, आकडा, तारीख, पद यांची होते. चुकीचं काय ते एका ओळीत सांगता आलं पाहिजे.

"ते एकत्र बसत होते म्हणून जगत होते," आक्का म्हणाल्या. "तुमी लिवलासा की एकत्र बसत्यात म्हणून धोका हाय."

तसं अहवालात आहे, मी सांगितलं. मी माझ्या पदरचं काही लिहिलेलं नाही.

"ते मला ठावं हाय. मी बी माझ्या पदरचं काय दाबलं नव्हतं."

मी कात्रण संपादकांकडे नेलं. त्यांनी अहवाल मागवला, बातमी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली आणि म्हणाले, यात चूक नाही. खरोखरच नव्हती. अहवालातही एकही आकडा चुकलेला नव्हता. समूहात इंजेक्शन घेतलं की एकाची सुई दुसऱ्याला वापरली जाते आणि आजार पसरतात, हे अनेक ठिकाणी दिसलेलं आहे. तो प्रश्न तेवढंच विचारायला बनवलेला होता. शुद्ध हरपलेल्याला उठवायला शेजारी कोणी आहे का, हे त्याला विचारायचंच नव्हतं. उत्तर मात्र दोन्ही प्रश्नांचं एकच येत होतं, आणि ते जोखमीच्या बाजूला मिळवलं जात होतं. शेड पाडल्यामुळे काय होईल, हा प्रश्न तर कोणत्याच पानावर नव्हता. औषधाने होणारी हानी मोजली जाते. उपायाने होणारी हानीही शेवटी औषधाच्याच नावावर पडते. दुरुस्ती छापली गेली नाही.

संस्थेचा दुसरा अहवाल तयार होत होता. पहिल्यानंतर परिस्थिती कशी बदलली, हे त्यात यायचं होतं. त्यावरून शहरातल्या आणखी दोन जागांबद्दल निर्णय व्हायचा होता. त्या दोन्ही जागांवर कोण बसतं आणि कोण कोणावर लक्ष ठेवतं, हे आक्कांना तोवर माहीत झालं होतं. तिथेही असंच झालं तर आणखी किती सर्जेराव, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता. मसुदा वाचून दाखवायला सरांनी माहिती गोळा करणाऱ्यांना बोलावलं, तेव्हा त्या मलाही घेऊन गेल्या.

सर पन्नाशीचे, सडपातळ, ऐकून घेणारे गृहस्थ होते. मसुद्यातल्या एका तक्त्यात ‘इंजेक्शनशी संबंधित मृत्यू’ असा रकाना होता आणि तळासमोर एक आकडा होता.

"सर, ह्यो एक म्हंजे सर्जेराव न्हवं?"

"आक्का, नावं आपण घेत नाही."

"नगा घेऊ. मी सांगतो. शेड होतं तवर कोण मेलं न्हाय. पाडल्यावर मेला. हे लिवा."

"एका घटनेवरून कारण सांगता येत नाही. ते शास्त्रीय होणार नाही."

"मग एका घटनेवरून तक्ता कसा झाला?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही म्हणता ते खरं असू शकेल," ते म्हणाले. "पण ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही. मी जे मोजलं त्याबद्दलच बोलू शकतो."

"मग मोजलं न्हाय, एवढं तरी लिवा."

त्यांनी ते लिहिलं. पानाच्या तळाशी, बारीक टाइपात: ‘स्थानिक हस्तक्षेपाच्या परिणामांचा अभ्यास या टप्प्यात केलेला नाही.’ निर्णय घेणाऱ्या समितीसमोर नंतर दोन पानांचा सारांश गेला. सारांशात तळटिपा नसतात.

मसुद्याची ती बैठक संपल्यावर सरांनी फॉर्म भरायच्या त्या दोन जागांची यादी आक्कांपुढे ठेवली. आक्कांनी बॅगेतून टॅब काढून त्या यादीवर ठेवला. "मी जिथं बसतो तिथं लाल हुतंय, सर. दुसरं कोण बघा."

सरांनी दुसऱ्या कोणाला नेमलं. त्या नव्या मुलीला कोणत्याच शेडाची माहिती नव्हती. तिने फॉर्म घरोघरी जाऊन भरले. घरी ही माणसं बोलत नाहीत. नकाशावर त्या दोन्ही जागा फिकट राहिल्या. जोखीम कमी, असा शेरा पडला. आक्कांनी ते ऐकलं आणि बराच वेळ हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं.

काम सोडल्याचं सांगायला त्या रंजनाकडे गेल्या. का गेलात, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला सांगू?" रंजनाने सगळं ऐकून घेतलं. आक्कांचे डोळे भरून आले, तेव्हा तिने दाभण पोत्यात खोचून ठेवलं.

"रडू नगासा," ती म्हणाली. "तेंची बसायची जागा तुमच्यामुळं गेली. तात्या बी गेला. आता तुमी बसा."

"कुठं बसू?"

"हितंच, आमच्याजवळ. पोती शिवणाऱ्या म्हातारीला कोण हटकतंय?"

दुसऱ्या दिवसापासून आक्का तळावर बसू लागल्या. सकाळची ट्रकांची भरणी संपायच्या वेळेला यायच्या, चारला उठायच्या. मांडीवर पोतं आणि हातात दाभण असायचं. शिवण इतकी वाकडी की रंजना ती रोज उसवून परत घालायची. "आक्का, माणसांना टाके घातलासा का असंच?" बायका चिडवायच्या. "माणसं हालत्यात तरी," आक्का म्हणायच्या.

इंजेक्शन घेणारा जाता जाता फक्त म्हणायचा, "आक्का, मागं जातोय." त्या घड्याळ बघायच्या. दहा मिनिटांनी उठून मागे जायच्या आणि नाव घ्यायच्या. तळावर त्यांचा तो मोठा आवाज रोज चार-पाच वेळा ऐकू यायचा. एकदा माझ्यासमोर एकजण ‘ओ’ देईना. तिशीतला माणूस, ओठ निळसर पडलेले. आक्कांनी त्याला कुशीवर वळवलं, छातीवर बोटांची हाडं रगडली, कानात ओरडल्या. मी रिक्षा आणायला पळालो. रिक्षा घेऊन आलो तेव्हा त्याने एक डोळा उघडून आक्कांना आईवरून शिवी दिली होती.

"शिवी दिलीस," आक्का म्हणत होत्या, "म्हंजे हाईस." तरी त्यांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

घे किंवा सोड, असं त्यांनी कोणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. ज्याला सोडायचं असेल त्याला त्या स्वतः डॉक्टरकडे नेत. एकाची पाठ दाखवून मुकादमाशी चार दिवस भांडल्या आणि त्याला पोती मोजायच्या हलक्या कामावर लावलं. त्याचं इंजेक्शन आपोआप कमी झालं. बाकीच्यांना मोजायचं काम मिळालं नाही. मोजायला एकच माणूस लागतो.

मी एकदा त्यांना विचारलं, तुम्ही बसता म्हणून ती माणसं निर्धास्त होऊन घेतात, असं कोणी म्हटलं तर?

त्या सुतळीचा पीळ सोडवत राहिल्या. "म्हणंल की. खरं बी असंल. मी बरं करतोय का वंगाळ, मला कळत न्हाय. झोप लागत न्हाय कवाकवा." मग म्हणाल्या, "मेलेल्याला काय बी सोडता येत न्हाय. दारू न्हाय, सुई न्हाय. तेवढं कळतंय."

एक हवालदार अधूनमधून गस्तीला यायचा. त्याला आक्का कोण हे माहीत होतं. "काय म्हातारे, बरं हाय का?" एवढंच विचारून पुढे जायचा. एकदा मला पाहून थांबला. "ह्यांना सांगा, आमच्यावर वरून जोर आला तर मला ह्यांना उठवावं लागंल." आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "उठव की. गुडघं धरल्यात, तेवढीच मदत हुईल." तो हसला, पण त्याने सांगितलं ते खरं होतं, आणि आक्कांनाही ते माहीत होतं. तळावरची एक जागा पुन्हा कागदावर आली असती तर पुढे काय होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. या काळात तळावर इंजेक्शनमुळे कोणी मेलं नाही. याची नोंद कुठेही नाही. मेलेला मोजता येतो, आणि जो मेला नाही तो त्या वेळेला पोतं उचलत असतो. सरांच्या संस्थेच्या पुढच्या कागदात तळावरचे मृत्यू घटल्याचं एक वाक्य आलं. त्याचं कारण म्हणून शेड हटवण्याच्या कारवाईचा उल्लेख होता. मी ते वाक्य आक्कांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वाचू नगासा. शिवण चुकती."

यंदा उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. तळावर नाही, घरी, आंघोळीच्या वेळी. शेजारणीने दार वाजवलं म्हणून वेळेत कळलं. मुलगा निपाणीला नोकरीला आहे, तो येऊन घेऊन गेला. मी भेटायला गेलो तेव्हा त्या खुर्चीत बसवलेल्या होत्या. डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. बोलणं सावकाश, पण कळत होतं. सुनेशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत. रंजना महिन्यातून एकदा येऊन जाते, असं सून म्हणाली.

निघताना मी विचारलं, "आक्का, तळावर आता कोण बसतं?"

"इचारू नगा."

"नाव नको. कोणी आहे का, एवढंच सांगा."

त्यांनी उजवा हात वर केला आणि मला थांबवलं. "तुमी इचारणार. मग लिवणार. चांगलंच लिवशीला, मला म्हाईत हाय." थोडा वेळ त्यांना पुढचा शब्द सापडेना. "तरी बी नगं."

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका बातमीसाठी तळावरून जावं लागलं. दुपार होती. तीन ट्रक लागले होते, खताची पोती उतरत होती. गोदामाच्या सावलीत बायका पोती शिवत बसल्या होत्या. त्यांतल्या कोणीतरी मोठ्या आवाजात कोणाचं तरी नाव घेतलं. मी मान वळवली नाही. ‘ओ’ ऐकू येईपर्यंत थांबलो आणि मग पुढे गेलो.